बुवांचा आवाज विहिरीत कसा गेला?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. अकरावीत शिकणारा माझा एक विद्यार्थी आणि नववीतली त्याची बहीण अशी दोघे संध्याकाळी घरी आली. मुलाच्या हातात मोबाइल होता आणि चेहरा पडलेला होता. "सर, जरा ऐका," असे म्हणून त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. त्यातून आधी झांजांचा खणखणाट आला, मग पखवाजाची धपधप, आणि या सगळ्याच्या पाठीमागून, कुठून तरी खोलातून, एका वृद्ध माणसाचे गाणे. शब्द मात्र एकही कळेना.

"बुवा विहिरीत बसून गातायत असं वाटतं ना, सर?" बहीण म्हणाली.

आमचे फोंडाघाट हे कणकवली तालुक्यातील, घाटाच्या पायथ्याचे गाव. या भागात भजन हे घराघरांत आहे. दोन भजनी बुवा समोरासमोर बसून रात्र रात्र सवाल-जबाब करतात, ती डबलबारी ऐकायला माणसे गावोगावहून येतात. या मुलांच्या शेजारी राहणारे बुवा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या गुरूंकडून आलेल्या काही चाली आता त्यांच्याखेरीज कोणी म्हणत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वीची एक कॅसेट होती; पण कोकणातल्या दमट हवेने तिच्या फितीवर बुरशी धरली आणि ती चिकटून बसली. म्हणून मुलांनी ठरवले, की बुवांचे भजन आपणच घरी ध्वनिमुद्रित करायचे. बेत उत्तम होता, पण ऐकताना बुवाच म्हणाले, "ह्यो माझो आवाज न्हय रे!"

मुलांना वाटत होते, की महागडा मायक्रोफोन असता तर काम झाले असते. मी म्हटले, "आधी नववीच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा काढा. मायक्रोफोनचे मग पाहू."

आपलाच आवाज परका का वाटतो?

बुवांची तक्रार आधी घेऊ, कारण ती निम्मी खरी आणि निम्मी चुकीची होती. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज दोन वाटांनी आपल्या अंतर्कर्णात पोचतो. एक वाट हवेची : तोंडातून बाहेर आणि कानातून आत. दुसरी वाट कवटीच्या हाडांची. हाडांच्या वाटेने खालच्या वारंवारतेची, म्हणजे खर्जाकडची, कंपने चांगली पोचतात. त्यामुळे स्वतःचा आवाज आपल्याला नेहमी थोडा भरदार वाटतो. यंत्राला मात्र फक्त हवेची वाट ठाऊक असते. म्हणून ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज प्रत्येकाला बारीक आणि परका वाटतो. कानात बोटे घालून बोलून पाहा. हाडांची वाट लगेच ओळखू येईल.

हे झाले निम्मे उत्तर. पण शेजाऱ्यांनाही तो आवाज बुवांचा वाटत नव्हता, त्याचे काय?

तीन मीटर आणि एक मीटर

मोबाइल कुठे ठेवला होता, असे मी विचारले. भिंतीतल्या फळीवर. बुवा तिथून सुमारे तीन मीटरवर बसले होते आणि झांजवाले फळीखालीच, एका मीटरवर.

ध्वनी उगमापासून सर्व बाजूंना पसरतो. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट क्षेत्रफळावर पसरते आणि तीव्रता एक चतुर्थांश होते. अंतर तिप्पट झाले तर ती एक नवमांश होते. यालाच व्यस्त वर्गाचा नियम म्हणतात. म्हणजे झांज आणि बुवा सारख्याच जोराने वाजले-गायले असते, तरी त्या फळीवर झांजेची तीव्रता नऊ पट झाली असती. त्यातून झांज ही मुळातच गळ्यापेक्षा जोरकस. मग बुवा पाठीमागे पडले यात नवल ते काय?

तुम्ही म्हणाल, की आम्ही खोलीत बसून ऐकतो तेव्हा तर आम्हाला बुवा स्पष्ट ऐकू येतात! खरे आहे. आपल्याला दोन कान आहेत आणि त्यांच्यामागे मेंदू आहे. दोन कानांत ध्वनी किती फरकाने पोचला, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो आणि हव्या त्या आवाजाकडे लक्ष वळवतो. फळीवरच्या मोबाइलला यातले काही येत नाही. जे आले, ते सगळे तो एकत्र टिपून घेतो.

खोलीही गाते

आता विहिरीचे कोडे. मुलांनी ध्वनिमुद्रणासाठी घरातली सगळ्यात चांगली म्हणून नवी स्लॅबची खोली निवडली होती. खाली लादी, भिंतींना गुळगुळीत गिलावा, सामान जवळजवळ नाहीच. तिथे उभे राहून मी एक टाळी वाजवली. टाळी थांबली, तरी खोली कितीतरी वेळ वाजत राहिली.

पुस्तकातला प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी परावर्तक पृष्ठभाग सुमारे १७ मीटरवर असावा लागतो. खोलीत तेवढे अंतर नसते. तिथे परावर्तने इतकी लवकर आणि इतकी दाट येतात, की ती सुटी न राहता एकमेकांत मिसळतात. हा झाला निनाद. बुवांच्या एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडत होती, आणि म्हणून शब्द कळत नव्हते.

निनादाचे गणित वॉलेस सॅबिन या पदार्थवैज्ञानिकाने मांडले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे समजत नाही, अशी तक्रार होती. बोललेला शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणवल्या. रात्रीच्या शांततेत ऑर्गनची एक नळी वाजवून, गाद्या कमी-जास्त करून, आवाज विरायला लागणारा वेळ तो मोजत राहिला. त्यातून मिळालेला नियम साधा आहे : खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६ ने गुणा आणि खोलीच्या एकूण शोषणाने भागा. उत्तर सेकंदांत मिळते.

आम्ही हिशेब केला. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच. घनफळ ६० घनमीटर. सर्व पृष्ठभाग मिळून ९४ चौरस मीटर. कठीण गिलावा आणि लादी आपल्यावर पडलेल्या ध्वनीचा शेकडा चारेक भाग शोषतात असे धरले, तर एकूण शोषण ३.७६ आणि निनादकाल सुमारे अडीच सेकंद. आता घरातल्या गोधड्या आणि रजया दोरीवर टाकून १२ चौरस मीटर भिंत झाकली. जाड कापड निम्मा ध्वनी शोषते असे मानले, तर शोषण ९.२८ होते आणि निनादकाल एका सेकंदावर येतो. पाच माणसे आत बसली की तो आणखी थोडा उतरतो, कारण माणूसही चांगला शोषक असतो.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, गोधडी उंच स्वर शोषते. खर्जापुढे तिचे फारसे चालत नाही. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३.४ मीटर असते. तिच्यापुढे चार बोटे जाडीची रजई ती काय! दुसरी, गोधडी आतला निनाद कमी करते, बाहेरचा गोंगाट अडवत नाही. तो अडवायला जड भिंत लागते, आणि ती कामगिरी स्लॅबची खोली चोख बजावत होती. म्हणूनच जुन्या कौलारू माजघरात निनाद कमी असूनही आम्ही नवीच खोली पसंत केली.

अंतराने साधलेला मेळ

खोलीचा बंदोबस्त झाला. आता माणसे कुठे बसवायची? या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रकांनी शोधून ठेवले आहे.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेव्हा विजेवर चालणारा मायक्रोफोन वापरात नव्हता. गायिकेने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. कर्ण्याच्या टोकाला असलेला पडदा कंप पावायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरायची. आवाज लहान-मोठा करायला बटण नाही. मग गाणे आणि साथ यांचा मेळ कसा साधायचा? केवळ अंतराने! गाणारा कर्ण्याशी, मंद वाद्य जवळ, कर्कश वाद्य लांब. व्यस्त वर्गाचा नियम हेच त्यांचे यंत्र होते. विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९२५ च्या सुमारास.

आपल्याकडचे उदाहरण तर घाटापलीकडचेच आहे. फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी मागे टाकले की कोल्हापूर येते. तिथे १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३२ मध्ये तिने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. त्याच्या ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. दामले मूळचे चित्रकलेतले, रंगभूमीचे पडदे रंगवण्याच्या कामातून सिनेमात आलेले. ध्वनीचे शास्त्र त्यांनी काम करता करता आत्मसात केले. त्या सुरुवातीच्या बोलपटांत गाणे चित्रीकरणाबरोबरच टिपावे लागे. म्हणजे मायक्रोफोन गाणाऱ्याजवळ हवा, पण कॅमेऱ्याला दिसता कामा नये! पुढे प्रभात पुण्याला गेली. तिच्या त्या जागेत १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे आणि तिथे आज ध्वनिमुद्रणही शिकवले जाते.

आम्हीही कर्ण्याचाच मार्ग धरला. ओळखीच्या एका गृहस्थांकडून एक कंडेन्सर मायक्रोफोन आणि तो संगणकाला जोडणारी पेटी उसनी आणली. कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये एक अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे एक स्थिर पट्टी असते. दोन्ही मिळून धारित्र बनते. ध्वनीने पडदा हलला की दोहोंतील अंतर बदलते, तसे धारित्राचे मूल्य बदलते आणि विजेचा संकेत मिळतो. ही युक्ती ई. सी. वेंट याने १९१६ साली शोधली. तुमच्या मोबाइलमधला तांदळाच्या दाण्याएवढा मायक्रोफोनही याच तत्त्वावर चालतो.

बुवांच्या तोंडासमोर सुमारे २५ सेंटिमीटरवर, पण थोडा तिरका, असा तो मायक्रोफोन लावला. तिरका अशासाठी, की 'प' आणि 'फ' म्हणताना सुटणारा वाऱ्याचा झोत सरळ पडद्यावर बसू नये. मधे भरतकामाच्या रिंगवर ताणलेले मलमलीचे फडके धरले. बुवा स्वतःच पेटी वाजवतात, ती खाली अर्ध्या मीटरवर आली. पखवाज दोन मीटर लांब. झांजवाले दोघे तीन मीटरवर, आणि तेही मायक्रोफोनच्या पाठीशी. कारण हा मायक्रोफोन समोरचे ऐकतो आणि मागच्या बाजूला बराच बहिरा असतो.

"पखवाजाला दुसरा माइक लावू या का, सर?" मुलीने विचारले. मी नको म्हटले. पखवाजाचा एकच ध्वनी दोन मायक्रोफोनांत वेगवेगळ्या वेळी पोचतो. वाटांतील फरक १७ सेंटिमीटर असला तर १००० हर्ट्झचा तरंग, ज्याची लांबी ३४ सेंटिमीटर असते, एकात शिखरावर तर दुसऱ्यात दरीत असतो. दोन्ही संकेत मिसळले की तो स्वर क्षीण होतो किंवा पुसलाच जातो. तो पुसला जाण्याचे मला विशेष वाईट वाटले असते. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत नसतात, म्हणून साधा ढोल सुरात लागत नाही. पखवाजाच्या पुडीवरची शाई कातड्याचे वजन अशा रीतीने वाढवते, की उपस्वर पूर्णांक पटींच्या जवळ येतात आणि ताशीव सूर निघतो. ही गोष्ट सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली आपल्या सहकाऱ्यासह 'नेचर' नियतकालिकात मांडली. शतकानुशतके कारागिरांनी शाईत साधलेला सूर आपण तारांच्या गुंत्यात घालवावा, हे बरे नव्हे.

माझी चूक

इथवर सगळे ठीक होते. पुढची चूक माझी.

संगणक ध्वनी साठवतो तो आकड्यांत. एका सेकंदात ४४,१०० वेळा तो संकेताची उंची मोजतो. इतक्यांदा का? आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, आणि कोणतेही कंपन ओळखता येण्यासाठी एका आवर्तनात दोनहून अधिक मोजण्या लागतात. प्रत्येक मोजणी १६ बिटांची असेल, तर उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात. पण सगळ्यात वरच्या पायरीच्या वर काहीच नाही. संकेत तिच्याहून उंच गेला, की त्याचे शिखर सपाट छाटले जाते.

मी बुवांना म्हटले, "थोडं गाऊन दाखवा." बुवांनी संकोचाने दोन ओळी गुणगुणल्या आणि मी त्यावरून पातळी ठरवली. मग भजन सुरू झाले. बुवा रंगले. गुरूंकडून आलेली गजराची एक जुनी चाल त्यांनी घेतली. झांज चढली, बुवांचा आवाज दुप्पट-तिप्पट उठला. आम्ही सगळे डोलत होतो. पडद्यावरचा तांबडा दिवा लागून राहिला आहे, हे माझ्या लक्षात आले तेव्हा गजर संपला होता. ऐकून पाहिले, तर प्रत्येक उंच स्वर फाटलेला.

मुलगा म्हणाला, "सर, आवाज कमी करून बघू या." कमी केला. फाटलेला आवाज हळू आवाजात फाटलेला ऐकू आला, एवढेच. छाटलेली शिखरे कशी असतील याचा अंदाज बांधून ती पुन्हा रेखाटणारी सॉफ्टवेअर आहेत; पण तो अंदाजच. जे टिपलेच गेले नाही, ते कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी बुवांना खोकला झाला. पुढे त्यांनी तो गजर दोनदा म्हटला. पण त्या संध्याकाळचा सूर पुन्हा लागला नाही. "नाय लागना आज," एवढेच ते म्हणाले. ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

उपाय किती सोपा होता! सर्वांत मोठ्या आवाजात गाऊन घ्यावे आणि तेव्हाही संकेत कमाल उंचीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच जाईल अशी पातळी ठेवावी. ध्वनिमुद्रणाच्या भाषेत हे उणे १२ डेसिबल. यात आपण दोन बिट गमावतो. २४ बिटांचे मुद्रण केले तर पायऱ्या १,६७,७७,२१६ असतात. त्यातल्या तीन चतुर्थांश रिकाम्या ठेवूनही भरपूर उरतात. शिखरावर मोकळी जागा ठेवणे म्हणजे काटकसर सोडणे नव्हे, विमा उतरवणे होय.

दुपारची शांतता

मार्गशीर्षात बुवांना बरे वाटल्यावर आम्ही पुन्हा बसलो. या वेळी वेळही विचार करून निवडली. सकाळी कोंबडे आणि शाळेची गडबड. रात्री रातकिडे, त्यांचा स्वर काही हजार हर्ट्झचा असतो, आणि 'स', 'श', 'च' ही व्यंजने ज्यांवर ओळखू येतात त्या वारंवारता तिथेच असतात. घाट चढणारे ट्रक तर रात्रीही चालूच. शेवटी दुपारी दोन ते चार, गाव वामकुक्षीत असताना. पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

बुवा अर्धा तास गायले. आम्ही ऐकून पाहिले. शब्द न् शब्द कळत होता. पखवाज आपल्या जागी, झांज लांबून, देवळात बसल्यासारखी. बुवा डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता गळो म्हातारो झालो तो कळता हां." मुले हसली. मला ती सर्वांत मोठी शाबासकी वाटली. यंत्राने आता काही लपवले नव्हते आणि काही भरही घातली नव्हती.

तीन बैठकांत मिळून अकरा चाली टिपल्या गेल्या. प्रत्येक चालीपूर्वी बुवांनी ती कोणाकडून शिकली ते सांगितले, आणि मुलांनी तारीख व गाव बोलून नोंदवले. मूळ मुद्रण आकसून न घेता जसेच्या तसे ठेवले. दोन वाहिन्यांचे, १६ बिटांचे मुद्रण मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट जागा घेते. आज तेवढी जागा स्वस्त आहे. प्रती तीन, तीन वेगळ्या घरांत. एकाच कॅसेटवर विसंबण्याचा धडा आधीच मिळाला होता.

तुम्ही करून पाहा

यासाठी उसना मायक्रोफोनही लागत नाही. घरातला मोबाइल पुरे. आजीला एक ओवी किंवा गोष्ट सांगायला सांगा. आधी मोबाइल दोन मीटरवर ठेवा, मग वीस सेंटिमीटरवर, दोन्ही ऐका. मग भिंतींवर गोधड्या टाकून पुन्हा तेच करा. तीन मुद्रणांत काय फरक पडला ते वहीत लिहा आणि कारण शोधा. संगणक असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडून तरंगाचा आकार पाहा. शिखर सपाट दिसले, तर चूक कुठे झाली हे तुम्हाला आता सांगावे लागणार नाही.

मात्र एक करा. पहिल्या प्रयोगासाठी आजीची सर्वांत आवडती ओवी घेऊ नका. आधी सराव स्वतःच्या आवाजावर करा. फाटला तर फाटला. तुमची तयारी झाली, की मग आजीला बोलवा. आणि फार उशीर करू नका.